दुर्मीळ त्वचाविकार आणि मूलपेशी उपचाराचे अर्थकारण

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



अर्थशास्त्राच्या व्याख्यानात त्वचारोगाचे नाव ऐकून आपणांपैकी काहींना आश्चर्य वाटले असेल. विज्ञान व तंत्रज्ञान या घटकाची तयारी करताना मूलपेशी, म्हणजे ज्यांना आपण सर्रास स्टेम सेल म्हणतो, त्यांच्यावरील टिपण आपण केलेले असणारच. मूलपेशी म्हणजे काय, त्यांचे प्रकार कोणते, भ्रूणापासून मिळणाऱ्या पेशींबाबत नैतिक आक्षेप कोणते, इतके त्या टिपणात असते. मात्र एखादा उपचार कोणत्या रुग्णासाठी, किती किमतीत आणि मुख्य म्हणजे कशाच्या ऐवजी, हे प्रश्न त्यात क्वचितच येतात. हे तिन्ही प्रश्न अर्थशास्त्राचे आहेत आणि आज त्यांचाच विचार एका आजाराच्या आधारे करावयाचा आहे.

त्या आजाराचे नाव पेम्फिगस. हे नाव फोड या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे. आपल्या त्वचेच्या बाह्यस्तरातील पेशी भिंतीतील विटांप्रमाणे एकमेकींना जखडलेल्या असतात आणि विटांमधील चुन्याचे काम डेस्मोग्लिन नावाची प्रथिने करतात. पेम्फिगसमध्ये शरीराची प्रतिकार यंत्रणा याच प्रथिनांना शत्रू समजून त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते. पेशींची पकड सुटते, मध्ये द्रव साचतो आणि पातळ आवरणाचे फोड येतात. ते फुटले की मागे उघडी जखम राहते. वरून निरोगी दिसणारी त्वचासुद्धा बोटाने घासली तर सुटून येते. बहुसंख्य रुग्णांत पहिली लक्षणे तोंडाच्या आतील भागात दिसतात, त्यामुळे अन्न गिळणे अशक्य होते. हा आजार संसर्गजन्य नाही, पण शेजाऱ्यापाजाऱ्यांना हे पटवून देणे रुग्णाच्या कुटुंबाला अनेकदा उपचारापेक्षाही कठीण जाते.

या आजारात प्रतिपिंडांचा हात आहे हे अमेरिकेतील अर्न्स्ट ब्युटनर व रॉबर्ट जॉर्डन यांनी १९६४ मध्ये दाखवून दिले. त्यापूर्वी १९५३ मध्ये वॉल्टर लिव्हर यांनी पेम्फिगस व त्यासारखाच दिसणारा पण वेगळा असलेला बुलस पेम्फिगॉइड यांतील भेद स्पष्ट केला होता. स्टेरॉइड औषधे उपलब्ध होण्यापूर्वी पेम्फिगसचे निदान म्हणजे जवळजवळ मृत्युदंडच असे, कारण बहुतेक रुग्ण काही वर्षांतच दगावत. १९५०च्या दशकात स्टेरॉइड आली आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने घटले. मात्र मोठ्या मात्रेतील स्टेरॉइड दीर्घकाळ घेतल्याने मधुमेह, हाडांची झीज आणि जंतुसंसर्ग यांचा नवा भार रुग्णांवर पडू लागला.

आता आकड्यांकडे वळू. केरळमधील त्रिशूर जिल्ह्यात झालेल्या एका पाहणीत दर १० लाख लोकसंख्येमागे वर्षाला ४.४ नवे रुग्ण आढळले. एका जिल्ह्याचा आकडा देशाला लावणे शास्त्रशुद्ध नाही, परंतु अंदाज बांधण्यापुरते गणित करून पाहा. १४० कोटी लोकसंख्येला वर्षाला सुमारे ६ हजार नवे रुग्ण होतात. हे झाले नव्या रुग्णांचे प्रमाण. आजार घेऊन रुग्ण सरासरी २० वर्षे जगतो असे मानले, तर कोणत्याही क्षणी देशात सव्वा लाखाच्या आसपास रुग्ण असतील. हे झाले एकूण रुग्णांचे प्रमाण. परीक्षेत या दोन संज्ञांची गल्लत हमखास होते, म्हणून मुद्दाम सांगितले. यातली गंमत अशी की उपचार जितके सुधारतील तितके रुग्ण अधिक जगतील आणि एकूण रुग्णसंख्या वाढेल. संख्या वाढली म्हणजे आरोग्यसेवा ढासळली, असा निष्कर्ष काढणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

दुर्मीळ कशाला म्हणायचे यावरही एकमत नाही. हजारी एक किंवा त्याहून कमी, हा जागतिक आरोग्य संघटनेचा निकष सांगितला जातो. युरोपीय संघात दहा हजारी पाच ही मर्यादा आहे, तर अमेरिकेने १९८३च्या कायद्यानंतर दोन लाखांहून कमी रुग्णसंख्येचा निकष स्वीकारला. आपल्या २०२१च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणाने पुरेशी आकडेवारी नसल्याचे मान्य करून अशी संख्यात्मक व्याख्या करण्याचे टाळले आणि आजारांचे तीन गट पाडले. एकदाच करावयाच्या उपचाराने बरे होऊ शकणारे आजार पहिल्या गटात, तुलनेने कमी खर्चाचे दीर्घकालीन उपचार लागणारे दुसऱ्या गटात आणि ज्यांवरील उपचार उपलब्ध असूनही अतिशय महाग व बहुधा आजन्म घ्यावे लागतात असे आजार तिसऱ्या गटात. सुरुवातीला पहिल्या गटासाठी असलेले २० लाख रुपयांपर्यंतचे साहाय्य मे २०२२ मध्ये सर्व गटांसाठी ५० लाखांपर्यंत वाढविण्यात आले. या यादीतील बहुतांश विकार जन्मजात व आनुवंशिक आहेत. पेम्फिगससारखा, भर उमेदीत उद्भवणारा स्वयंप्रतिकार विकार अशा चौकटीत सहजी बसत नाही.

भर उमेदीत हे शब्द मी जाणीवपूर्वक वापरले. पाश्चात्त्य देशांत हा आजार प्रामुख्याने पन्नाशी-साठीत दिसतो, तर भारतात तो त्याआधी, तिशी-चाळिशीत गाठतो. त्यामुळे कमावता माणूस अंथरुणाला खिळतो आणि औषधांच्या बिलापेक्षा बुडालेल्या मजुरीचा किंवा धंद्याचा तोटा मोठा ठरतो.

येथे मी एक घरगुती प्रसंग सांगते. माझे एक चुलत दीर इंदूरला असतात. दुचाकीच्या सुट्या भागांचे त्यांचे छोटे दुकान आहे. २०१४ मध्ये, वयाच्या अडतिसाव्या वर्षी त्यांना तोंडात फोड येऊ लागले. तोंड आले आहे, ब जीवनसत्त्वाच्या गोळ्या घ्या, असे म्हणण्यात पाच महिने गेले. पाठीवर फोड आल्यावर त्वचेचा तुकडा तपासला गेला आणि निदान झाले. पुढे एका खासगी केंद्राने त्यांना मूलपेशी उपचार सुचविला. खर्च १४ लाख रुपये. नोंदणीचे म्हणून ५० हजार त्यांनी भरलेही होते. उरलेल्या रकमेसाठी गावाकडची जमीन काढायची का, हे विचारायला त्यांचा फोन आला. "वहिनी, औषधातलं तुम्हाला कळत नाही हे मला ठाऊक आहे. पैसे लावावेत की नाही, एवढंच सांगा."

प्रश्न रास्त होता आणि उत्तर मला ठाऊक नव्हते. पुढील काही आठवडे मी जे वाचले, डॉक्टर मित्रांना जे विचारले, त्यात नंतर घडलेल्या गोष्टींची भर घालून आपल्यापुढे ठेवते.

प्रथम हे समजून घ्यावे लागेल की मूलपेशी उपचार या एकाच नावाखाली निरनिराळ्या गोष्टी विकल्या जातात. २०१५ मध्ये जर्मनीतील बोखुम येथे सात वर्षांच्या एका सीरियन निर्वासित मुलाच्या शरीरावरील सुमारे ८० टक्के त्वचा बदलण्यात आली. त्याच्याच त्वचेतील मूलपेशींमधील जनुकीय दोष दूर करून इटलीतील मिकेले दे लुका यांच्या गटाने ती प्रयोगशाळेत वाढविली होती. २०१७ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले तेव्हा जगभर त्याची वाखाणणी झाली आणि ती योग्यच होती. त्या मुलालाही फोडांचाच विकार होता, पण तो आनुवंशिक होता. दोष त्वचेतच होता, म्हणून दुरुस्त केलेली त्वचा टिकली. पेम्फिगसमध्ये त्वचा निर्दोष असते आणि चूक प्रतिकार यंत्रणेची असते. नवी त्वचा बसविली तरी रक्तातील प्रतिपिंडे तिच्यावरही तुटून पडतील. फोडांच्या एका आजारातील यशाचे छायाचित्र दाखवून दुसऱ्या आजाराच्या रुग्णाकडून पैसे घेणे किती सोपे आहे, हे यावरून ध्यानात यावे.

पेम्फिगससाठी ज्याचा विचार होऊ शकतो ते रक्तजनक मूलपेशींचे प्रत्यारोपण होय. रक्ताच्या कर्करोगासाठी ही पद्धत विकसित करणारे डोनल थॉमस यांना १९९०चे नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात असे पहिले प्रत्यारोपण १९८३ मध्ये मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात झाले आणि पाठोपाठ वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयाने हे कार्य सुरू केले. स्वयंप्रतिकार विकारात यामागील कल्पना अशी की रुग्णाच्या रक्तजनक मूलपेशी आधी काढून गोठवून ठेवायच्या, मग तीव्र औषधांनी चुकीचे शिकलेली प्रतिकार यंत्रणा जवळपास नष्ट करायची आणि साठविलेल्या पेशी परत देऊन ती नव्याने उभी राहू द्यायची. बिघडलेल्या पाटीवरील मजकूर पुसून पुन्हा मुळाक्षरांपासून गिरवण्यासारखे हे आहे. येथे आजारावर घाव घालतात ती औषधे. मूलपेशी घाव घालत नाहीत, त्या औषधांनी पडलेली पोकळी भरून काढतात. म्हणूनच आधीचे तीव्र उपचार न करता नुसत्या मूलपेशी टोचून आजार बरा करतो, असे कोणी म्हटले तर तो दावा निराळा आहे आणि त्याला निराळा पुरावा द्यावा लागेल.

ही कल्पना पोकळ नाही. त्वचा व अंतर्गत अवयव कठीण करणाऱ्या स्क्लेरोडर्मा या विकारात युरोपात झालेली एक मोठी चाचणी २०१४ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत १५६ रुग्ण होते व चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे त्यांचे दोन गट केलेले होते. प्रत्यारोपण झालेल्या गटातील सुमारे १० टक्के रुग्ण पहिल्याच वर्षी उपचारामुळे दगावले, परंतु दीर्घकाळात त्याच गटातील अधिक रुग्ण जगले. बहुविध काठिण्य, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जाविकाराबाबतही २०१९ मध्ये ११० रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष आशादायक आले. पेम्फिगससाठी मात्र अशी मोठी तुलनात्मक चाचणी झालेली नाही. निरनिराळ्या देशांतून एकेकट्या रुग्णांची वृत्ते आली आहेत आणि अहमदाबादच्या मूत्रपिंड विकार संशोधन संस्थेतील डॉक्टरांनी दात्याच्या मूलपेशी वापरून केलेल्या उपचाराचा मोजक्या रुग्णांचा अनुभव २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. तो उत्साहवर्धक होता, परंतु तुलनेसाठी दुसरा गट नव्हता.

दुसरा गट नव्हता म्हणजे काय बिघडले, असे आपण विचाराल. पेम्फिगस चढ-उतारांचा आजार आहे. रुग्ण नव्या उपचाराकडे जातो तो बहुधा आजार शिगेला पोचल्यावर. शिखरानंतर उतार येण्याची शक्यता तशीही अधिक असते. शिवाय त्या काळात त्याची जुनी औषधेही चालूच असतात. मग बरे वाटले याचे श्रेय कोणाला द्यायचे? संख्याशास्त्रात यालाच सरासरीकडे परतणे म्हणतात. पावसाळ्यात शेतकऱ्याने नवस केला आणि चार दिवसांनी पाऊस पडला, यातले कार्यकारण जितके पक्के तितकेच हेही.

आता कशाच्या ऐवजी, या प्रश्नाकडे येऊ. माझ्या दृष्टीने संपूर्ण विषयाचा गाभा हाच आहे. स्क्लेरोडर्माच्या तीव्र प्रकारात पर्यायी उपचार तोकडे असल्यामुळे शेकडा दहाचा धोका पत्करणे समर्थनीय ठरते. पेम्फिगसची स्थिती तशी नाही. १९८०च्या दशकाच्या आरंभी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत डॉ. जे. एस. पसरिचा यांनी एक पद्धत सुरू केली. सलग तीन दिवस डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड १०० मिलिग्रॅम शिरेतून, त्यांपैकी एका दिवशी सायक्लोफॉस्फामाइड ५०० मिलिग्रॅम, आणि हा क्रम दर २८ दिवसांनी. मधल्या काळात सायक्लोफॉस्फामाइडची अल्प मात्रा रोज पोटातून. दोन्ही औषधे जुनी, स्वस्त आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतील. ही स्पंद-उपचार पद्धती देशभरातील वैद्यकीय महाविद्यालयांत पसरली आणि रोज स्टेरॉइड घेण्याच्या दुष्परिणामांतून असंख्य रुग्ण वाचले. नवोन्मेष म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर काचेच्या प्रयोगशाळा येतात, पण जुन्या औषधांचे वेळापत्रक बदलणे हाही नवोन्मेषच होता. त्याचे एकस्व कोणी घेतले नाही आणि बहुधा म्हणूनच त्याची जाहिरातही कोणी केली नाही.

प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की या पद्धतीचा प्रसारसुद्धा प्रामुख्याने रुग्णमालिकांच्या आधारे झाला, काटेकोर तुलनात्मक चाचण्या थोड्याच झाल्या. मग हिला एक न्याय आणि मूलपेशींना दुसरा का? फरक असा की येथे पद्धत व परिणाम खुलेपणाने प्रसिद्ध झाले, इतर रुग्णालयांनी ते पडताळून पाहिले, दुष्परिणामांची नोंद झाली (सायक्लोफॉस्फामाइडमुळे येणाऱ्या वंध्यत्वाची तर विशेषच, म्हणून ज्यांना अपत्य हवे आहे अशांसाठी वेगळे औषध सुचविले गेले) आणि चुकलेल्या प्रयोगाची किंमत रुग्णाने जमीन विकून मोजली नाही.

त्यानंतरचा टप्पा रिटुक्सिमॅबचा. प्रतिपिंडे तयार करणाऱ्या बी पेशींवर नेमका घाव घालणारे हे औषध मूळचे रक्ताच्या कर्करोगासाठीचे होते. फ्रान्समध्ये झालेल्या ९० रुग्णांच्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. रिटुक्सिमॅबसोबत अल्पकाळ स्टेरॉइड घेतलेल्यांपैकी ८९ टक्के रुग्ण दोन वर्षांनी औषधाविना आजारमुक्त होते, तर केवळ स्टेरॉइड घेतलेल्यांपैकी ३४ टक्के. २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने पेम्फिगससाठी त्याला मान्यता दिली. हैदराबादच्या एका कंपनीने त्याची जैवसदृश आवृत्ती २००७ मध्येच बाजारात आणली होती आणि पुढे इतर कंपन्याही आल्याने किमती उतरल्या. जंतुसंसर्गाचा धोका त्यातही आहे आणि आजार काहींना पुन्हा गाठतो. तरीही ज्या आजारात असा पर्याय हाताशी आहे, तेथे प्राणावर बेतू शकणारे प्रत्यारोपण हा पहिला काय, दुसराही पर्याय ठरत नाही. सर्व उपाय थकलेल्या एखाद्या रुग्णासाठी, नोंदणीकृत चाचणीतच त्याचा विचार व्हावा, असे माझे मत आहे.

मग रुग्ण तिकडे का वळतात? अज्ञानामुळे, हे उत्तर मला मान्य नाही. दर २८ दिवसांनी तीन दिवस दुकान बंद, परगावचा प्रवास, सोबतीला घरचे कोणी, आणि हे वर्षानुवर्षे. याच्या तुलनेत एकदाच पैसे भरून मोकळे होण्याची किंमत कुटुंबाच्या हिशेबात खरोखरच मोठी असते. आपली विमा व्यवस्थाही या ओढीला खतपाणी घालते. २०१८ मध्ये सुरू झालेली आयुष्मान भारत योजना कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण देते, पण ते रुग्णालयात दाखल होण्यासाठी. बाह्यरुग्ण विभागातील तपासण्या व महिनोन्‌महिन्यांच्या गोळ्या खिशातूनच येतात. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चातील खिशातील वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ पर्यंत ३९.४ टक्क्यांवर आला. सुधारणा निश्चितच आहे, परंतु दीर्घ आजाराच्या रुग्णाला सरासरीचा दिलासा मिळत नाही.

केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्येच दाखविले होते की वैद्यकीय सेवेच्या बाजारात विक्रेत्याला जे ठाऊक असते ते ग्राहकाला नसते, आणि सेवा घेऊन झाल्यावरही तिची गुणवत्ता ग्राहकाला ठरविता येत नाही. ही माहितीची विषमता स्पर्धेने दूर होत नाही, म्हणून तेथे नियमन लागते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद व जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २००७ मध्ये मूलपेशी संशोधन व उपचार यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे काढली. २०१३च्या सुधारित आवृत्तीच्या शीर्षकातून उपचार हा शब्दच वगळण्यात आला. एका शब्दाची ही गाळणी मला धोरणलेखनाचा उत्तम नमुना वाटते. २०१७च्या आवृत्तीनेही तीच भूमिका कायम ठेवली : रक्तजनक मूलपेशींचे प्रत्यारोपण ज्या ठरावीक विकारांसाठी मान्य आहे ते सोडून अन्य सर्व वापर हा संशोधनच, तो मान्यताप्राप्त चाचणीतच व्हावा आणि सहभागी रुग्णाकडून त्यासाठी शुल्क घेऊ नये. चाचण्यांची राष्ट्रीय नोंदवही २००७ पासून आहे आणि २००९ पासून नोंदणी अनिवार्य आहे.

दिरांना मी एवढेच विचारायला सांगितले की या चाचणीचा नोंदणी क्रमांक कोणता, आणि हे संशोधन असेल तर पैसे कशाचे. त्या केंद्राकडून क्रमांक आला नाही, सवलतीचा प्रस्ताव मात्र आला.

उद्याचे चित्र निराळे असू शकेल. २०१६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील संशोधकांनी रुग्णाच्या टी पेशींना असे घडविले की त्या केवळ डेस्मोग्लिनविरोधी बी पेशीच हुडकून मारतील आणि उरलेली प्रतिकारशक्ती शाबूत राहील. उंदरांवर हे साधले, माणसांवरील प्राथमिक चाचण्या २०२० पासून सुरू झाल्या. जर्मनीतील अर्लांगेन येथे ल्युपसच्या रुग्णांवर याच जातीच्या, कार-टी पेशींचा उपयोग २०२१-२२ मध्ये परिणामकारक ठरल्याचे प्रसिद्ध झाले. आणि मुंबईत, भारतीय तंत्रज्ञान संस्था व टाटा स्मारक केंद्र यांच्या संशोधनातून साकारलेल्या स्वदेशी कार-टी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये रक्ताच्या काही कर्करोगांसाठी मान्यता मिळाली. परदेशी उपचारापेक्षा तो कितीतरी स्वस्त असला तरी अजून काही दशलक्ष रुपयांच्या घरातच आहे. ही मान्यता कर्करोगापुरती आहे, पेम्फिगससाठी नाही. परंतु क्षमता देशात उभी राहिली आहे आणि त्यामुळे योग्य चाचणी येथेच होण्याची शक्यताही.

दिरांनी जमीन विकली नाही. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्यांनी स्पंद-उपचार घेतले, पुढे २०१६ मध्ये रिटुक्सिमॅबही घ्यावे लागले. २०२१ मध्ये आजार एकदा उलटला, पुन्हा औषध घेतल्यावर शमला. ते आता दुकानात बसतात. आपला सल्ला बरोबर ठरला असे मी घरात एकदा म्हटले, तेव्हा संख्याशास्त्र शिकणाऱ्या माझ्या मुलीने लगेच टोकले की, "आई, हाही एकच रुग्ण आणि येथेही दुसरा गट नाही." तिचे खरे आहे. ५० हजार रुपये मात्र परत मिळाले नाहीत. पावतीच्या मागे बारीक अक्षरांत छापले होते की नोंदणी शुल्क कोणत्याही कारणास्तव परत केले जाणार नाही.